वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी, नवी गाडी आणि मधले कर्ज

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची होती, ती म्हणजे जुनी गाडी विकून तिच्या जागी दुसरी घेणे आणि त्यासाठी कर्ज काढणे. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. हिशेब मुद्दाम कोणत्याही चलनात न मांडता शंभराच्या प्रमाणात मांडले आहेत, म्हणजे वाचकांना आपापली रक्कम घालून ते पडताळून पाहता येतील.

प्रश्न : आमची गाडी नऊ वर्षांची असून तिच्यावर कर्ज नाही. नवी गाडी पाहायला शोरूममध्ये गेलो, तेव्हा तेथील विक्री प्रतिनिधीने पहिलाच प्रश्न विचारला, "महिन्याला किती हप्ता झेपेल?" आम्ही एक आकडा सांगितला. अर्ध्या तासात त्याने आमची जुनी गाडी धरून, विमा आणि दोन-तीन जास्तीच्या सोयी मिळवून, बरोबर त्याच आकड्यात बसणारा प्रस्ताव समोर ठेवला. सगळे इतके सहज जुळले की माझ्या पत्नीला शंका आली. ही शंका रास्त आहे का?

उत्तर : शंका पूर्णपणे रास्त आहे. तुमच्यापुढे जो एक व्यवहार म्हणून ठेवला गेला, ते खरे तर तीन वेगळे व्यवहार आहेत. पहिल्यात तुम्ही जुनी गाडी विकता, दुसऱ्यात नवी गाडी विकत घेता आणि तिसऱ्यात पैसे उसने घेता. तिन्हींना स्वतःचा बाजारभाव असतो आणि तिन्हींमध्ये घासाघीस करता येते. परंतु तिन्हींची बेरीज करून तिचा एकच मासिक हप्ता केला, की कोणत्या व्यवहारात आपण किती दिले हे दिसेनासे होते. तुम्ही जुन्या गाडीला जास्त किंमत मागितली, तर ती आनंदाने दिली जाऊ शकते, कारण तेवढीच रक्कम नव्या गाडीवरच्या सवलतीतून कमी करता येते. नव्या गाडीची किंमत कमी करा म्हटले, तर तीही कमी होईल आणि व्याजदरात किंवा मुदतीत भरून निघेल. तुम्ही सांगितलेला हप्ता मात्र शेवटपर्यंत तसाच राहतो, आणि आपल्या मनासारखे झाले असे आपल्याला वाटते.

यात सर्वांत कमी लक्ष जाते ते मुदतीकडे. वर्षाला १० टक्के दराने, घटत्या शिल्लकीवर, म्हणजे फेडायच्या राहिलेल्या मुद्दलावरच व्याज धरून, १०० चे कर्ज घेतले असे समजा. तीन वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ३.२३ येतो आणि एकूण ११६ फेडावे लागतात. पाच वर्षे घेतली तर हप्ता २.१२ वर येतो आणि एकूण परतफेड १२७.५ होते. सात वर्षांत हप्ता १.६६ इतका हलका होतो, पण एकूण फेड १३९.५ वर जाते. म्हणजे हप्ता जवळपास निम्मा झाला आणि व्याज सोळावरून साडेएकोणचाळीसवर गेले. सात वर्षांच्या कर्जातला पहिला हप्ता उकलून पाहिला, तर त्यातील निम्म्याहून किंचित जास्त रक्कम व्याजातच जाते आणि उरलेलीच मुद्दलाला लागते. "महिन्याला किती झेपेल" या प्रश्नाचे उत्तर आधी देणाऱ्या ग्राहकाला मुदत वाढवून कोणतीही गाडी झेपण्यासारखी करून दाखवता येते, आणि म्हणूनच तो प्रश्न पहिला विचारला जातो.

व्याजदराविषयीही एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. काही वित्तसंस्था दर 'फ्लॅट' पद्धतीने सांगतात. या पद्धतीत व्याज संपूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच मोजले जाते. तुम्ही निम्मे मुद्दल फेडले असले, तरी त्या फेडलेल्या निम्म्यावरही व्याज चालूच असते. पाच वर्षांसाठी ७ टक्के फ्लॅट म्हणजे १०० वर ३५ व्याज आणि २.२५ चा हप्ता. हाच हप्ता घटत्या शिल्लकीच्या पद्धतीत मांडला, तर दर वर्षाला सुमारे साडेबारा टक्के निघतो. तेव्हा शेजारच्या बँकेचे १० टक्के आणि या प्रस्तावातले ७ टक्के यांची थेट तुलना केली, तर महाग कर्ज स्वस्त वाटेल. दोन प्रस्ताव समोर असतील तेव्हा प्रत्येकाकडून तीन आकडे लेखी घ्यावेत : प्रत्यक्ष हातात पडणारी कर्जाची रक्कम, हप्ता आणि हप्त्यांची संख्या. हप्त्याला संख्येने गुणून त्यातून मिळालेली रक्कम वजा केली, की कर्जाची खरी किंमत समोर येते. त्यात प्रक्रिया शुल्क आणि कर्जासोबत सक्तीने दिलेला विमा मिळवण्यास विसरू नये. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास दंड किती, हेही सहीच्या आधीच विचारावे.

आता तुम्ही काय करावे ते सांगतो. शोरूममध्ये पुन्हा जाण्याआधी स्वतःच्या बँकेकडून किंवा अन्य वित्तसंस्थेकडून कर्जाची पूर्वमंजुरी मिळवा. ते कर्ज घेतलेच पाहिजे असे नाही, पण दर पारखायला तुमच्या हाती एक माप येईल. जुन्या गाडीसाठी किमान तीन ठिकाणांहून किंमत काढा. त्यांत जुन्या गाड्यांचे व्यापारी असावेत आणि त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची, तितकीच चाललेली गाडी इतर मालक कितीला विकत आहेत हेही पाहावे. जाहिरातीतली किंमत ही मागणीची किंमत असते, सौदा तिच्या खाली होतो, हे लक्षात ठेवून तीतून थोडे कमी करावे. मग नव्या गाडीची सर्व कर आणि शुल्कांसह अखेरची किंमत लेखी घ्यावी, आणि ती हातात आल्यानंतरच जुन्या गाडीचा विषय काढावा. क्रम बदलला, तर पुन्हा तेच गाठोडे तुमच्यापुढे येईल.

जुनी गाडी शोरूमलाच देणे वाईट, असे मात्र मी म्हणत नाही. अनोळखी माणसांना घरी बोलावणे, त्यांना गाडी चालवायला देणे, पैसे येईपर्यंत वाट पाहणे, हे सर्व त्यात टळते. काही देशांत जुन्या गाडीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच कर लागतो, आणि तसे असेल तर ती बचतही हिशेबात धरली पाहिजे. बाहेर मिळणारी किंमत आणि शोरूमने देऊ केलेली किंमत यांतला फरक हा या सोयीचा मोबदला आहे. तो किती आहे हे ठाऊक असताना तुम्ही तो दिलात, तर त्यात काहीच गैर नाही.

प्रश्न : विकण्याआधी गाडीवर किती खर्च करावा? दरवाजाला दोन डेंट आहेत, टायर झिजले आहेत आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा अधूनमधून लागतो.

उत्तर : दिव्यापासून सुरुवात करा. तो दिवा लागलेला पाहिला, की खरेदीदार सर्वांत महागडी शक्यता गृहीत धरून किंमत पाडतो, आणि पुष्कळदा कारण एखाद्या सेन्सरसारखे किरकोळ निघते. गॅरेजमध्ये संगणक जोडून दोषाचा कोड वाचून घ्यावा, दुरुस्ती स्वस्त असेल तर करावी आणि पावती जपून ठेवावी. दुरुस्ती न करता नुसता कोड पुसून दिवा घालवणे ही फसवणूक आहे, शिवाय ती लपत नाही. कोड पुसला की गाडीच्या संगणकातील स्वयंतपासण्या अपूर्ण दिसू लागतात आणि जाणकार मेकॅनिकला ते लगेच कळते.

डेंट तसेच राहू द्या. पूर्ण पॅनेल रंगवण्याचा खर्च विक्रीत क्वचितच वसूल होतो, आणि ताजा रंग पाहून अपघात लपवल्याचा संशय येतो तो वेगळाच. टायर कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त झिजले असतील तर बदलावेत, नाहीतर किमतीत तेवढी सूट द्यावी. आतून-बाहेरून कसून स्वच्छता, सर्व किल्ल्या आणि सर्व्हिसिंगच्या पावत्यांची एकत्र फाईल, यांवर केलेला खर्च बहुधा वाया जात नाही.

प्रश्न : सध्याच्या गाडीचे कर्ज अजून शिल्लक आहे. गाडीला येणारी किंमत त्या शिल्लक कर्जापेक्षा कमी आहे. विक्रेता म्हणतो की फरकाची काळजी करू नका, तो नव्या कर्जात मिळवून देऊ. कुटुंब वाढल्यामुळे मोठ्या गाडीची गरज खरोखरच आहे.

उत्तर : तुमची गरज खरी आहे हे मान्य करून उत्तर देतो, कारण केवळ हौस असती तर थांबा एवढेच म्हटले असते.

ही परिस्थिती का येते हे आधी पाहू. गाडीच्या किमतीत सर्वांत मोठी घसरण सुरुवातीच्या वर्षांत होते. याउलट, कर्जाचे मुद्दल सुरुवातीच्या वर्षांत सर्वांत हळू घटते, कारण त्या हप्त्यांतला व्याजाचा वाटा मोठा असतो. १० टक्के दराच्या १०० च्या कर्जात दोन वर्षांनी शिल्लक किती राहते ते पाहा : पाच वर्षांची मुदत असेल तर जवळपास ६६, आणि सात वर्षांची असेल तर ७८. सुरुवातीला स्वतःची रक्कम फारशी न घालता लांब मुदतीचे कर्ज घेतले, की मधल्या काही वर्षांत गाडी विकून कर्ज फिटत नाही. तुम्ही आज तेथे आहात.

आता जुन्या कर्जातून २० शिल्लक आहेत आणि गाडीला १४ मिळत आहेत असे समजा. तुटीचे ६ नव्या १०० च्या कर्जात मिळवले, की कर्ज १०६ चे होते, पण दारात उभी राहणारी गाडी १०० चीच असते. पाच वर्षांत त्या ६ चे साडेसातहून अधिक आणि सात वर्षांत ८.४ फेडावे लागतील. खरी चिंता मात्र या व्याजाची नसून पुढच्या खेपेची आहे. नव्या कर्जाची सुरुवातच तुटीने झाल्यामुळे, तीन-चार वर्षांनी पुन्हा गाडी बदलावी लागली, तर तूट आजच्यापेक्षा मोठी असेल. तुम्ही विकून टाकलेल्या गाडीचे हप्ते तिच्यानंतरच्या दोन गाड्यांमधून फेडत राहाल. त्यातच नवी गाडी अपघातात पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली, तर विमा कंपनी साधारणतः गाडीची त्या दिवशीची किंमत देते, कर्जाची शिल्लक देत नाही. मधला फरक तुमच्या खिशातून जातो. काही ठिकाणी हा फरक भरून देणारा वेगळा विमा मिळतो. तुटीसह कर्ज घेण्यावाचून गत्यंतर नसेल, तर त्याची चौकशी जरूर करावी.

माझा आग्रह असा आहे की तुटीचे सहा आधी वेगळे फेडावेत. सध्याच्या कर्जात दर महिन्याला हप्त्यापेक्षा थोडी जास्त रक्कम भरता येत असेल, तर ती जादा रक्कम थेट मुद्दलाला लागते; ती मुद्दलातच जमा व्हावी असे वित्तसंस्थेला लेखी कळवावे. आठ-दहा महिन्यांत तूट भरून निघत असेल, तर तेवढे थांबण्याची अडचण सोसण्यासारखी आहे. तेवढेही शक्य नसेल, तर मोठी गाडी घ्या, पण ती नवी कोरी नको. तीन-चार वर्षे वापरलेली गाडी घेतली, तर सुरुवातीची मोठी घसरण तिच्या पहिल्या मालकाने सोसलेली असते, त्यामुळे कर्जही कमी लागते आणि तूट लवकर भरून येते.

आणखी एक व्यावहारिक बाब आहे. कर्ज असलेली गाडी विकताना ती वित्तसंस्थेकडे तारण असते, त्यामुळे तिच्या संमतीशिवाय मालकी पूर्णपणे बदलत नाही. कर्ज फेडल्यावर ते फिटल्याचे पत्र घ्यावे आणि गाडीच्या नोंदणीवरचा बोजा प्रत्यक्ष उतरला आहे, याची खात्री करून घ्यावी. जुने कर्ज फेडण्याची जबाबदारी विक्रेत्याने घेतली असेल, तर त्याने ते कोणत्या तारखेपर्यंत फेडायचे हे करारात लिहून घ्यावे. त्याने उशीर केला, तर थकबाकी तुमच्या नावावर चढते आणि पुढच्या कर्जाच्या वेळी ती नोंद आड येते.

प्रश्न : मी पहिल्यांदाच वापरलेली गाडी घेत आहे. मला यंत्रातले काही कळत नाही. गाडी चकचकीत दिसते, मालक सभ्य वाटतो आणि किंमत इतरांपेक्षा कमी आहे. तरीही भीती वाटते. काय पाहावे?

उत्तर : ही भीती अगदी स्वाभाविक आहे आणि अर्थशास्त्रानेही तिची दखल घेतली आहे. वापरलेल्या गाडीचे दोष विकणाऱ्याला माहीत असतात आणि घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडी सदोष असू शकते असे धरून कमी किंमत देऊ करतो, त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढत जाते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये हे विश्लेषण मांडले, आणि २००१ मध्ये त्यांना अन्य दोन अर्थशास्त्रज्ञांसह नोबेल पुरस्कार मिळाला. यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे विकणाऱ्याला जे ठाऊक आहे त्यातले शक्य तितके आपणही जाणून घेणे. त्यासाठी यंत्रज्ञ असण्याची गरज नाही. बऱ्याच गोष्टी डोळ्यांनी, नाकाने आणि धीराने कळतात.

सुरुवात कागदांपासून करा. प्रत्येक गाडीला १७ अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीही वापरली जात नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांसारखी दिसतात. हा क्रमांक समोरच्या काचेखाली, दरवाजाच्या चौकटीवर किंवा इंजिनाजवळच्या पत्र्यावर कोरलेला असतो. तो नोंदणीच्या कागदाशी अक्षरन्अक्षर जुळला पाहिजे. एखादे अक्षर खरवडलेले दिसले, तर तेथूनच परत फिरावे. विकणाऱ्याचे नाव आणि कागदावरचे नाव एकच आहे का, गाडीवर कोणाचा बोजा आहे का, हे त्यानंतर पाहावे.

ओडोमीटरवरच्या आकड्यावर एकट्यावर विश्वास ठेवू नये. आकडा मागे फिरवण्याचे प्रकार यांत्रिक मीटरांच्या काळात होत होते आणि डिजिटल मीटरांतही होतात. सर्व्हिसिंगच्या पावत्यांवर त्या त्या तारखेचे वाचन नोंदलेले असते, ते क्रमाने लावून पाहावे. पेडलचे रबर घासून गुळगुळीत झाले आहे, स्टिअरिंगचे आवरण झिजले आहे, चालकाच्या आसनाची कड दबली आहे आणि मीटर मात्र जेमतेम दोन वर्षांच्या वापराइतके दाखवते, असे दिसले तर पेडलवर विश्वास ठेवावा. टायरच्या बाजूला चार अंकी संख्या कोरलेली असते. त्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. २२१९ म्हणजे २०१९ सालातला बाविसावा आठवडा. फारशी न चाललेली म्हणून सांगितलेल्या गाडीचे चारही टायर गाडीपेक्षा बरेच नवे असतील, तर कारण विचारावे.

गाडी पाहायला दिवसाच्या उजेडात जा, पावसात किंवा नुकत्याच धुतलेल्या गाडीकडे नको, कारण ओल्या पत्र्यावर रंगातला फरक आणि ओरखडे दिसत नाहीत. मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गार इंजिन सुरू होताना दोष उघडे पडतात. तुम्ही पोहोचता तेव्हा बॉनेट गरम लागले, तर काहीतरी झाकले गेले असण्याची शक्यता असते. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे धोक्याचे दिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा मुळीच लागला नाही, तर तो मुद्दाम काढलेला असू शकतो. धुराचा रंगही पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळत आहे. इंजिन तापल्यानंतरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला, तर शीतक द्रव आत शिरत आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि ती दुरुस्ती महागडी असते. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही.

पाण्यात बुडालेली गाडी वरून सुंदर दिसते. तिच्यासाठी नाकाचा उपयोग करा. आत कुबट वास येतो का, किंवा वास दडपण्यासाठी उग्र सुगंध मारला आहे का, हे पाहा. गालिचा उचलून खाली गाळ आहे का, आसनांच्या बोल्टवर गंज आहे का, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर त्याच्या आतल्या भागावर पाण्याची रेघ दिसते का, हेही तपासा. अशा गाडीतल्या वायरिंगचे दोष काही महिन्यांनी एकेक करून बाहेर येतात. ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढे पाहूनही गाडी पसंत राहिली, तर तिला तुम्ही निवडलेल्या मेकॅनिककडे न्या. मालकाने सुचवलेल्या मेकॅनिककडे नको. त्याला मेहनताना द्या, गाडी वर उचलून खालून पाहायला सांगा आणि दोषांची यादी लिहून घ्या. ती यादी दुहेरी उपयोगी पडते. गाडी टाळायची की घ्यायची हे तिच्यावरून ठरते आणि घ्यायची असल्यास किंमत कमी करण्याचा तो आधार होतो. सभ्य मालक या तपासणीला हरकत घेत नाही. जो "दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे" असे सांगून घाई करतो, त्याची गाडी त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाऊ द्यावी.

बॅटरीवर चालणारी गाडी असेल, तर इंजिनाचे बहुतेक प्रश्न उरत नाहीत आणि त्यांच्या जागी एक मोठा प्रश्न येतो : बॅटरीची मूळ क्षमता किती उरली आहे? अधिकृत सर्व्हिस केंद्रातून तिचा लेखी अहवाल घ्यावा आणि बॅटरीची हमी नव्या मालकाला लागू होते का, हे विचारून घ्यावे.

प्रश्न : नव्या गाडीवर तीन वर्षांसाठी शून्य टक्के व्याजाची योजना आहे. रोख भरल्यास मात्र किमतीत ५ टक्के सूट मिळते. माझ्याकडे रोख रक्कम आहे. कोणता पर्याय घ्यावा?

उत्तर : रोख घेणाऱ्याला गाडी ९५ ला मिळत असेल, तर गाडीची किंमत ९५ आहे. शून्य टक्क्यांत तुम्ही त्या ९५ च्या गाडीसाठी छत्तीस हप्त्यांत १०० देता. हे व्याजच आहे आणि त्याचा दर वर्षाला जवळपास ३.४ टक्के पडतो. त्याशिवाय कर्जासाठी सुरुवातीला २ प्रक्रिया शुल्क असेल, तर तो सुमारे ४.८ टक्क्यांवर जातो.

आता तुमची रोख रक्कम ठेवीत ठेवल्यास कर वजा जाता किती मिळते, ते पाहा. त्याहून हा दर कमी असेल तर योजना घ्या, जास्त असेल तर रोख भरा. मात्र रोख भरल्यावर हाताशी काहीच उरणार नसेल, तर हिशेबात थोडे नुकसान दिसले तरी कर्ज घ्यावे. आजारपण किंवा नोकरीत खंड आला, तर गाडी विकून घाईने पैसे उभे करताना याहून कितीतरी जास्त गमवावे लागते.

अशाच प्रकारची आणखी एक योजना सध्या पुष्कळ वाचकांना सुचवली जाते, म्हणून येथेच सांगतो. हप्ते लहान ठेवून शेवटी एक मोठी रक्कम एकदम भरायची, अशी ती असते. १० टक्के दराने पाच वर्षांच्या कर्जात ३० शेवटी ठेवले, तर हप्ता २.१२ वरून १.७४ वर येतो, परंतु व्याज २७.५ वरून ३४ च्या पुढे जाते, कारण त्या तीसवर पाचही वर्षे व्याज चालू राहते. शेवटची रक्कम कोठून येणार हे आजच ठाऊक असेल, तरच ती घ्यावी. "तेव्हा पाहू" या भरवशावर घेतलेल्या कर्जाचा शेवट बहुधा दुसरे कर्ज काढण्यात होतो.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. त्यांची गाडी वापराविना उभी होती, म्हणून गेल्या वर्षी मी ती माझ्या भाच्याला दिली. अर्धे पैसे त्याने दिले, उरलेले सवडीने देईन म्हणाला, आणि घरातलाच मुलगा म्हणून मी काही लिहून घेतले नाही. आता वेगमर्यादा मोडल्याच्या दंडाची सूचना यजमानांच्या नावाने घरी आली आहे. नाते न दुखावता हे कसे निस्तरावे?

उत्तर : मावशी म्हणून तुम्ही विश्वास टाकलात, त्यात तुमची चूक नाही. परंतु सरकारी नोंदीत ती गाडी आजही तुमच्या यजमानांची आहे, आणि उद्या तिच्याकडून कोणाला इजा झाली तर पहिली विचारणा तुमच्या घरी होईल. दंड ही त्यातली किरकोळ बाब आहे. त्याहून गंभीर बाब विम्याची आहे. दिवंगत व्यक्तीच्या नावावरचा विमा कंपनीला न कळवता चालू ठेवला असेल किंवा तो संपला असेल, तर अपघाताच्या वेळी कंपनी भरपाई नाकारू शकते. ती जबाबदारी तुमच्यावर आणि भाच्यावर येऊ शकते.

म्हणून भाच्याला फोन करून प्रथम एवढेच सांगा की कागद पुरे होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नकोस. हे सांगताना संकोच करू नका, यात त्याचेही रक्षण आहे. त्यानंतर वाहन नोंदणी कार्यालयात चौकशी करा. बहुतेक ठिकाणी मृत व्यक्तीच्या नावावरून गाडी थेट खरेदीदाराच्या नावावर होत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद देऊन ती आधी वारसाच्या नावावर येते आणि मग विकता येते. इतर वारस असतील, तर त्यांची लेखी संमती लागते. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. दंडाच्या सूचनेला मुदतीत लेखी उत्तर द्या आणि त्या दिवशी गाडी कोणाच्या ताब्यात होती, हे त्यात नमूद करा. भाच्याने दंड स्वतः भरला, तर उत्तमच.

उरलेल्या पैशांविषयी त्याला समोर बसवून बोला. विक्रीचा एक साधा कागद करा, ज्यात गाडीचा ओळख क्रमांक, ठरलेली किंमत, आतापर्यंत मिळालेली रक्कम, राहिलेल्या रकमेच्या तारखा आणि गाडी ताब्यात दिल्याचा दिवस व वेळ लिहिलेली असेल. दोघांनी सह्या करून एकेक प्रत ठेवावी. "कार्यालयात कागद मागितले आहेत" एवढे कारण पुरेसे आहे आणि ते खरेही आहे. राहिलेली रक्कम तुम्हाला माफ करायची असेल, तर तसेही त्या कागदावर लिहा, म्हणजे पुढे तुमच्या मुलांमध्ये आणि त्याच्यामध्ये वाद उरणार नाही.

गाडीत यजमानांचे काही राहिले आहे का, तेही पाहून घ्या. डॅशबोर्डच्या कप्प्यातले कागद, टोलचे यंत्र, गाडीच्या पडद्यात साठवलेले फोन क्रमांक आणि घराचा पत्ता, हे सर्व काढून घ्यावे किंवा पुसून टाकावे. टोलचे खाते त्यांच्या बँकेशी जोडलेले असेल, तर ते बंद करण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. गाडी नावावरून गेल्याची नोंद झाली की त्या नोंदीची प्रत मागून घ्या आणि ती यजमानांच्या इतर कागदांसोबत ठेवा.